आरसा कोनाले पाह्यजे

माह्या पोरीचा कॉम्प्युटर बोलते. तुमचा बोलत असन नसन, मले ठाऊक नाही. तिचा बोलते, कारन तिले दिसत नाही. जन्माचीच तशी हाय. बुद्ध पौर्णिमेले झाली म्हनून हौसेनं नाव पौर्णिमा ठेवलं, अन् मंग समजलं का लेकराच्या डोळ्यात उजेडच नाही. नाव बदलून टाका, असं सांगनारे लय भेटले. मी म्हनलं, नाव काहून बदलू, तुमी तुमची जीभ बदला. मी तापट मानूस हाय. सारी जिंदगी एसटीत कंडक्टरकी केली, अन् तापट नसलेला कंडक्टर तुमी पाह्यला असन तं मले बी दाखवा.

तं कॉम्प्युटर. पौर्णिमा अंध विद्यालयात शिकली, होस्टेलवर राह्यली, अन् तथून निंघताना तिच्या सरानं हा जुना कॉम्प्युटर तिले देल्ला. खोकं, बटनांचा कीबोर्ड, दोन स्पीकर, अन् टीव्हीसारखा एक मॉनिटर. खोक्याचं बटन दाबलं का थोड्या वेळानं आतून एक बाई बोले, आज अमुक वार, अमुक तारीख. मंग पौर्णिमा बटनं दाबत जाय अन् ते बाई तिले वाचून दाखवत जाय. माही बायको, विमल, त्या बाईले पौर्णिमाची मैत्रीन म्हने. "तुही मैत्रीन आज लय बोलून राह्यली, तिले थोडा च्या पाज," असं तिचं चाले.

आता मॉनिटरचं तुमीच सांगा. पोरीले दिसत नाही, तिचं सारं काम कानावर. मी म्हनलं, आंधळ्याले आरसा कायले? उगा जागा अडवते. माह्या बहिनीचा पोरगा प्रसेनजित, त्याचं आमच्या केनवडच्या चौकात खताचं दुकान हाय. त्याले दुकानातल्या कॅमेऱ्यासाठी पडदा पाह्यजे होता. उचलला मॉनिटर अन् देऊन टाकला. मॉनिटरच्या जागी विमलनं पापडाचा डबा ठेवला. पौर्णिमा तवा फक्त हासली.

आमच्या विहारात वर्षावासाचे, म्हनजे पावसाळ्याचे, तीन महिने रोज सांजले ग्रंथ वाचतात. आषाढ पौर्णिमेले सुरू, अश्विन पौर्णिमेले समाप्ती. वाचनाचं काम रामधन गुरुजीचं. गुरुजी औंदा पोराकडे वाशिमले राहाले गेले, अन् महिला मंडळाची बैठक बसली का आता वाचन कोनी. लिलाबाई मंडळाच्या अध्यक्ष. त्याइच्या मनात रूपाली होती, कॉलेजात शिकनारी पोरगी. तेवढ्यात मागून आमची पौर्णिमा म्हनली, "मी वाचीन."

साऱ्याइनं मागं वळून पाह्यलं. लिलाबाई हळूच म्हनल्या, "पोरी, तू कशी वाचशीन वं?"

"बोटानं," पौर्णिमा म्हनली.

खरं तेच होतं. तिच्यापाशी ब्रेलची पाटी हाय, अन् टोचनी. जाड कागदावर टोचून टोचून अक्षरं उठवायची अन् मंग बोट फिरवून वाचायची. सारा ग्रंथ सरानं तिच्या कॉम्प्युटरमंदी भरून देल्ला होता. सकाळी ते बाई सांगन, पौर्णिमा टोचन, सांजले विहारात वाचन. मोबाईल बी बोलते तिचा, पन त्याच्यात ग्रंथ नोता, अन् एकेक ओळ थांबवत टोचाची सवय तिले कीबोर्डवरच.

लिलाबाईनं बराच इचार केला. बाई वाईट नाही, पन शिस्तीची. "पहिल्या दिवशी वाचून दाखव," त्या म्हनल्या. "नीट झालं तं तीनही महिने तूच. नाही तं रूपाली हायच. वाचन बंद पडलेलं मले चालनार नाही."

तुमाले हे लहान वाटत असन. मले नाही वाटलं. गावात पौर्णिमाचं दुसरं नाव 'बिचारी' हाय. लग्नात गेली तं बिचारीले पहिले जेवू घाला, रस्त्यानं निंघाली तं बिचारीले वाट द्या. दया करनारे सारे चांगलेच लोक, त्याइच्यावर रागवावं तं कसं? पन ते ऐकून पोरगी मान खाली घाले, ते मी पाहे. आता पहिल्यांदा ते बिचारी साऱ्या वस्तीले काहीतरी देनार होती. हे झालं तं ते नाव पुसल्या जानार होतं. अन् नाही झालं, तं ते मरेपर्यंत चिकटनार होतं.

अन् तवाच मैत्रीन मुकी झाली.

तशी तिची लक्षनं आधीपासून बिघडली होती. उन्हाळ्यात एक दिवस बटन दाबलं तं बाई म्हने, आज एक जानेवारी. बाहेर डोकं तापून राह्यलं, अन् हे म्हने एक जानेवारी. मी म्हनलं, "पौर्णिमे, तुह्या मैत्रिनीले ऊन लागलं." पौर्णिमानं तारीख सुधरवली. विजेची लाईन गेली, आली, का पुन्हा एक जानेवारी. आमी हासून सोडून देल्लं. अन् मंग आषाढ लागल्यावर एक दिवस लाईन जाऊन आली, पौर्णिमानं बटन दाबलं, आतला पंखा फिरला, पन बाई बोललीच नाही. पहिल्या दिवसाचं वाचन अर्धंच टोचून झालं होतं. पौर्णिमा स्पीकरले कान लावून लय वेळ बसून राह्यली.

मी खोकं गोधडीत गुंडाळलं अन् रिसोडची एसटी धरली. कंडक्टर नवा पोरगा. म्हने, लगेजचं तिकीट घ्या लागते. मी म्हनलं, "बाबू, ज्या बॅगेवर तू हात ठेवून उभा हाय न, तशी बॅग माह्या खांद्यानं झिजवली. मांडीवरच्या सामानाले लगेज नाही म्हनत." थो गुमान पुढं गेला.

रिसोडात सैफुद्दीनभाईचं दुकान हाय. पहिले रेडिओ दुरुस्त करे, मंग टीव्ही, आता मोबाईल अन् कॉम्प्युटर. मी ड्युटीवर असताना थो माल आनाले माह्याच गाडीनं वाशिमले जाय, म्हनून मले अजून मास्तर म्हनते. त्यानं खोकं टेबलावर ठेवलं, आपल्या मॉनिटरची वायर लावली, आपला कीबोर्ड अन् स्पीकर लावला, बटन दाबलं. पंखा फिरला अन् थोड्या वेळानं बाई बोलली. आज एक जानेवारी.

"लेव मास्तर," सैफुभाई म्हनला. "मशीन तं एकदम ओके हाय."

मी खुशीत घरी आलो. वायरी लावल्या. बटन दाबलं. पंखा फिरला. बाई गप.

पुन्हा गोधडी, पुन्हा एसटी. या टायमाले सैफुभाईनं खोकं उघडलं. आतून सोयाबीनच्या कुटाराची एवढी धूळ निंघाली का त्याले शिंका सुटल्या. ब्रशनं सारं साफ केलं. मंग आतून एक हिरवी पट्टी उपसली अन् पोरांच्या खोडरबरनं घासाले लागला. म्हने, "रॅम ढिला झाला असन."

मले ऐकू आलं राम. मी इचारलं, "म्हनजे मशिनीत राम राह्यला नाही म्हनता?"

"राम नाही मास्तर, रॅम. याद ठेवाची पट्टी असते," थो म्हनला, अन् हासता हासता पट्टी जागेवर बसवली. बटन दाबलं, पंखा फिरला, बाई बोलली. घरी आनलं, तं बाई गप.

आता मले सांगा, तुमच्यापैकी कोनाचं डोकं नसतं फिरलं? विमल म्हने, तिले रिसोडची हवा मानवते, केनवडची नाही. मी विमलवर बी ओरडलो. सैफुभाईले फोन लावला तं थो म्हने, तुमच्या घरची लाईन खराब असन. मी म्हनलं, त्याच लाईनवर माहा पंखा फिरते, गिरनी चालते, अन् तुमी दुरुस्त केलेली मशीनच तेवढी काहून नाही चालत? त्यानं फोन ठेवून देल्ला. आषाढ पौर्णिमा तोंडावर आली होती. लिलाबाईचा निरोप बी आला, रूपालीले तयारीत ठेवतो, तुमी मनाले लावून घेऊ नका.

निरोप ऐकून पौर्णिमा उठली अन् चपला शोधाले लागली. "बाबा, या टायमाले मी बी येतो," म्हनली.

"तू येऊन काय करशीन?" मी म्हनलं.

"तुमी दोघं भांडसान, ते ऐकीन."

अन् झालं बी तसंच. दुकानात पोचलो तं सैफुभाईनं मांडीवरची गोधडी पाहूनच तोंड वाकडं केलं. वायरी लावल्या, बटन दाबलं, अन् थो दगाबाज डब्बा पुन्हा बोलला. आज एक जानेवारी. माहा तोल गेला. मी म्हनलं, "सैफुभाई, तुमी मशीन चालू करून देता, का चालू झाल्याचं नाटक करता?"

"मास्तर, जबान सांभाळा," थो म्हनला. "तुमच्या गाडीत बसलो म्हनून इज्जत देऊन राह्यलो. उचला डब्बा अन् दुसरीकडे दाखवा."

मी गोधडी उचलली. खरंच उचलली. तवा पौर्णिमा म्हनली, "चाचा, एकडाव बंद करून पुन्हा चालू करता काय? अन् बाबा, तुमी बोलू नका. कोनीच बोलू नका."

तिच्या बोलन्यात काय होतं कोन जाने, सैफुभाईनं गुमान मशीन बंद केली, वायर काढली, पुन्हा लावली. पौर्णिमा टेबलापाशी सरकून मान खाली घालून उभी राह्यली. बाहेर भाजीवाल्याचा भोंगा चालू होता. सैफुभाईनं बटन दाबलं. पंखा फिरला. आतून टुक असा बारीक आवाज आला. अन् मंग बाई बोलली.

"चाचा, तुमी आता काय दाबलं?" पौर्णिमानं इचारलं.

"बटन. पॉवरचं."

"ते पहिले. त्याच्यानंतर. टुक वाजलं, अन् मंग टक असं कीबोर्डचं बटन दाबलं तुमी. घरी टुक वाजते. पन टक नाही वाजत."

सैफुभाई आपल्या हाताकडे पाह्यत राह्यला. डावा हात अजून कीबोर्डच्या कोपऱ्यावरच होता. मी दोन्ही डोळे फाडून तिथंच उभा होतो, मले ते बोट दिसलं नाही. थो सोता दाबून राह्यला होता, त्याले बी दिसलं नाही.

"या अल्ला," थो खुर्चीवर बसला. "एफ वन."

मंग त्यानं आमाले समजावून सांगतलं. मशिनीच्या पोटात एक चपटा गोल सेल असते, रुपयाच्या नाण्याएवढा. लाईन गेल्यावर मशिनीले तारीख अन् बाकीचं सारं याद ठेवाले थोच लागते. आपला सेल मेला होता. लाईन गेली का मशीन सारं भुले, म्हनूनच ते एक जानेवारी. अन् पूर्न भुलली, का सुरू होतानाच पडद्यावर लिहून दाखवे, मले काही याद नाही, एफ वन दाबा म्हनजे पुढं जातो. अन् कोनी दाबेपर्यंत वाट पाह्यत बसे. ते बोलनारी बाई त्याच्या बी नंतर जागी होते, मंग ते काय सांगन?

"जुन्या मशिनी साऱ्या अशाच येतात माह्याकडे," सैफुभाई म्हनला. "दिवसभर एफ वन दाबतो. बोट आपोआप जाते बेटा, मले मालूम बी नाही पडत." मंग त्यानं माह्याकडे पाह्यलं. "पन मास्तर, घरी पडद्यावर लिहून येत असन ना? तुमी वाचलं नाही?"

"कोनता पडदा?" मी म्हनलं.

"मॉनिटर. कुठी हाय मॉनिटर?"

मी गोधडीची घडी घालाले लागलो. पौर्णिमानंच सांगतलं, "प्रसेनजितदादाच्या खताच्या दुकानात हाय. बाबा म्हनले, आंधळ्याले आरसा कायले."

सैफुभाईच्या तोंडावर हासू फुटलं, पन माह्या भेवानं त्यानं ते दाबलं. पौर्णिमा माह्या हाताले चाचपडत आली अन् म्हनली, "आरसा मले नोता पाह्यजे, बाबा. तुमाले पाह्यजे होता."

मंग मात्र सैफुभाई टेबलावर थापा मारून हासला, अन् मी बी हासलो. हासता हासता डोळ्यातून पानी आलं त्याच्या. "तुमाले आरसा अन् मले कान," थो म्हनला.

त्यानं जुना सेल उपसून नवा बसवला, तारीख लावली. पाह्यासाठी वायर उपसली, पुन्हा लावली, अन् दोन्ही हात वर धरून उभा राह्यला, पोलिसानं बंदूक रोखल्यासारखा, म्हनजे बोट कुठी जायाले नको. टुक वाजलं. टक वाजलं नाही. अन् बाईनं खरा वार, खरी तारीख सांगतली.

पौर्णिमानं चाचपडत सैफुभाईचा हात धरला अन् दोन्ही हातात घेतला. मी म्हनलं, "सैफुभाई, मी लय वंगाळ बोललो. माफ करा. तुमचे उपकार हायेत माह्यावर."

"माहे कायचे, मास्तर," थो म्हनला. "पकडलं तं तिनं. मी तं इतकी वर्सं हे बोट घेऊन फिरून राह्यलो."

"तुमी दुकानातून हाकललं नाही, हे उपकारच."

"हाकललं होतं की," थो म्हनला. "तुमी गेले नाही." अन् च्या सांगतला.

येताना मी पहिले प्रसेनजितचं दुकान गाठलं अन् मॉनिटर मागतला. थो म्हने, मामा, देल्लेली चीज वापस घेता? मी म्हनलं, घेतो, अन् कारन इचारू नको. विमलनं पापडाचा डबा हलवला अन् मॉनिटर पुन्हा जागेवर बसला.

मंग असं झालं का पौर्णिमा टोचाले बसली का मी बी पडद्यापुढं बसाले लागलो. मनात भेव, पुन्हा ते एफ वनचं येते का काय. ते काही आलं नाही. पन बाई ग्रंथ वाचे, तशी तशी पडद्यावर ओळ सरके, अन् मी बी वाचत जाय. तिकिटाच्या आकड्यापलीकडे मी कधी काही वाचलं नोतं, इतकी वर्सं विहारात बी पेंगतच ऐकलं. आता पौर्णिमा टोचनी थांबवून इचारे, "समजलं काय, बाबा?" अन् नाही समजलं तं मले समजावून सांगे.

आषाढ पौर्णिमेले सांजले विहार भरला. मी सैफुभाईले फोन करून बोलावलं होतं, पन येईन असं वाटलं नोतं. थो आला, बायकोले, जैतुनबी भाबीले बी घेऊन आला, अन् दोघं मागच्या सतरंजीवर माह्यापाशी बसले. रूपाली पुढं बसली होती, मांडीवर छापील ग्रंथ घेऊन, तयारीत. वंदना झाली. पौर्णिमानं जाड कागद मांडीवर घेतले अन् बोट पहिल्या ओळीवर ठेवलं.

सुरुवातीले आवाज कापला तिचा. मंग स्थिर झाला. बोट चाले तशी वानी चाले. बाया मान हलवाले लागल्या. अन् अर्ध्याच्या बी अलीकडे असन, लाईन गेली.

बाहेर आभाळ भरून आलेलं. पुनवेचा चंद्र नावाले बी नाही. विहारात मिट्ट अंधार. सवयीनं साऱ्याइनं 'हाऽऽ' केलं, कोनी उठाले लागलं, लेकरं चुळबुळली.  त्या मेल्या लाईनीनं आमाले किती छळावं?

"थांब वं पोरी," अंधारातून लिलाबाईचा आवाज आला. "लाईन येऊ दे, मंग वाच."

"काकू," पौर्णिमा म्हनली, "तुमाले ऐकाले उजेड लागते काय?"

कोनीतरी खुदकन हासलं. मंग सारे हासले. उठलेले खाली बसले. अन् पौर्णिमानं जिथं थांबली होती तथूनच पुढं वाचाले सुरुवात केली.

त्या अंधारात कोनालेच काही दिसत नोतं. लिलाबाईले नाही, रूपालीले नाही, मले नाही. साऱ्या विहारात वाचता येनारी एकच होती. अन् ते बरोबर वाचून राह्यली का नाही, हे सांगनारा मी एकटा होतो, कारन पुढची ओळ मले ठाऊक होती. पडद्यावर वाचली होती मी. मी तोंडातल्या तोंडात तिच्यासंगं म्हनत गेलो. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. माहे डोळे वाहून राह्यले होते अन् मी पुसले बी नाही, पाह्यनारं कोन होतं तथी?

सैफुभाई माह्या कानापाशी आला. "मास्तर," थो हळूच म्हनला, "लाईन गेली, पन मशीन बंद नाही पडली."

मी त्याचा हात धरला. कोनता हात होता ते अंधारात समजलं नाही. डावाच असावा.

लाईन आली तवा वाचन संपत आलं होतं. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं, अन् साऱ्याइनं हात जोडून तीन वेळा साधू म्हनलं. रूपालीनं मांडीवरचा ग्रंथ मिटला अन् उठून पौर्णिमाचे कागद गोळा करू लागली. लिलाबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या, अन् जाता जाता पौर्णिमाच्या डोक्यावर टपली मारून म्हनल्या, "उद्या टायमावर ये वं. तुह्यासाठी सारे खोळंबाले नको."

बिचारी नाही म्हनल्या.